मत 'वाया जाते' की 'वाया घालवले जाते'?



निवडणुकीच्या दिवसांत 'आपले मत वाया घालवू नका' हे आवाहन आपण अनेकदा ऐकले असेल. त्यातील क्रियापदाकडे थोडे लक्ष द्या. दूध 'वाया गेले' असे म्हटले, की दोष कोणाचा हे अनुक्त राहते. ते कोणी 'वाया घालवले' असे म्हटले, की दोषी व्यक्ती वाक्यात येऊन उभी राहते. मतदाराच्या बाबतीत यांपैकी कोणता प्रयोग न्याय्य ठरेल, हे मतमोजणीची पद्धत समजून घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा आणि ज्याला सर्वाधिक मते मिळतील तो विजयी, ही सापेक्ष बहुमताची पद्धत होय. समजा, शंभर मतांपैकी तीन उमेदवारांना अनुक्रमे ४०, ३५ आणि २५ मते मिळाली. पहिला निवडून येतो; उरलेल्या साठ मतांचे सभागृहात काहीच उमटत नाही. पुढील निवडणुकीत तिसऱ्या उमेदवाराचे मतदार साहजिकच विचार करतात : आपला माणूस येणार नाही, मग निदान नको असलेला तरी येऊ नये. त्यांतील काही दुसऱ्याकडे वळतात आणि तिसरा आणखी क्षीण होतो. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युवेर्जे यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या राजकीय पक्षांवरील ग्रंथात हे दोन परिणाम वेगळे करून दाखवले. एक यांत्रिक, म्हणजे मतांचे जागांत रूपांतर होताना लहान पक्षाची होणारी हानी. दुसरा मानसिक, म्हणजे ती हानी ओळखून मतदाराने बदललेला निर्णय. या दोहोंमुळे स्पर्धा दोन पक्षांकडे सरकते.

न्यूझीलंडचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. तेथे १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला सुमारे २०.७ टक्के मते मिळाली आणि ९२ पैकी जागा मिळाल्या केवळ दोन! त्याच निवडणुकीत, आणि त्याआधी १९७८ मध्येही, लेबर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा किंचित अधिक मते मिळूनही सत्ता नॅशनल पक्षाकडेच राहिली. लोकांचा असंतोष वाढत गेला. अखेर १९९३ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी पद्धतच बदलली. १९९६ पासून पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्या. त्यासाठी पाच टक्के मते किंवा मतदारसंघातील किमान एक विजय आवश्यक असतो. पहिल्याच निवडणुकीत सहा पक्ष संसदेत आले. मोठे दोन पक्ष मोठेच राहिले, हेही नोंदवले पाहिजे. परंतु त्यांना इतरांशी बोलणी करणे भाग पडले.

द्युवेर्जे यांच्या प्रतिपादनाला 'नियम' म्हणण्याची रूढी आहे. मला ती अतिशयोक्त वाटते. 'कल' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. कॅनडात १९९३ साली प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मते मिळून जागा दोनच मिळाल्या, तर ब्लॉक केबेक्वाला त्याहून कमी, सुमारे साडेतेरा टक्के मतांवर ५४ जागा मिळाल्या. पहिल्याची मते देशभर विखुरलेली होती, दुसऱ्याची एकट्या क्वेबेक प्रांतात एकवटलेली. म्हणजे मते किती यापेक्षा ती कोठे आहेत, याला या पद्धतीत अधिक मोल. लोकसभेची निवडणूकही याच पद्धतीने होते. तरीही तेथे अनेक पक्ष दिसतात, याचे एक महत्त्वाचे कारण हेच : एखाद्या राज्यातील लढत दोघांतच असू शकते, पण ते दोघे शेजारच्या राज्यातले दोघे नसतात.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. न्यूझीलंडमधील त्या प्रत्येक पाचव्या मतदाराने आपले मत घालवले नव्हते, त्याने ते दिले होते. ते वाया गेले, कारण पद्धतीत त्याला जागा नव्हती.

स्वयं-अध्ययनासाठी कृती : निवडणुकीच्या बातम्यांतील 'दुरंगी लढत', 'तिरंगी लढत' आणि 'मतविभागणी' या शब्दांचे प्रत्यक्ष उपयोग जमवा. 'मतविभागणी' या शब्दात ती मते मुळात कोणाची होती असे गृहीत धरलेले असते, हे प्रत्येक वाक्याच्या आधारे आपल्या शब्दांत लिहा.