पोटातले सोबती

उंटाची मदार आणि ध्रुवीय अस्वलाचे दाट केस ही परिस्थितीशी जुळवून घेण्याची उदाहरणे आपण पुस्तकात वाचतो. ती डोळ्यांना दिसतात. आज आपण न दिसणारे एक उदाहरण पाहू.

अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात वुडरॅट नावाचा उंदरासारखा लहान प्राणी राहतो. तेथे क्रिओसोट नावाचे झुडूप सर्वत्र आढळते. त्याच्या पानांवर विषारी राळेचा थर असतो. तरीही तेथील वुडरॅट ही पाने खातो. उत्तरेकडे, ग्रेट बेसिन या भागात, याच जातीचे वुडरॅट राहतात. तेथे हे झुडूप नाही आणि त्यांना ते फारसे पचतही नाही. जात एकच, मग हा फरक कशामुळे?

यूटा विद्यापीठातील केविन कोल, डेनिस डिअरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मोहावीतील वुडरॅटना प्रतिजैविक देऊन त्यांच्या पोटातील बरेच जिवाणू नष्ट केले. साध्या अन्नावर हे प्राणी ठीक राहिले. पण अन्नात क्रिओसोटची राळ मिसळताच त्यांचे वजन घटू लागले. पूर्वी पचणारे विष आता पचेना.

मग उलट प्रयोग झाला. क्रिओसोट खाणाऱ्या वुडरॅटची विष्ठा अन्नात मिसळून ती क्रिओसोट न पाहिलेल्या वुडरॅटना दिली. विष्ठेबरोबर जिवाणू त्यांच्या पोटात गेले आणि ते पूर्वीपेक्षा जास्त राळ सहन करू लागले.

यावरून काय समजते? विष पचवण्यात यकृताचा वाटा असतोच. पण येथे जिवाणूंचाही मोठा वाटा आहे. प्राण्याला त्याच्या परिसरात तगवणारी शक्ती काही अंशी त्याच्या पोटातल्या सोबत्यांकडे असते.

वुडरॅटचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आपल्या आतड्यातील उपयोगी जिवाणूंनाही मारते, हे आपल्याबाबतीतही खरे आहे. म्हणून घरात उरलेली गोळी सर्दी झाली की घेणे, ही सवय आपण सोडली पाहिजे. प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

विचार करा :
१. प्रतिजैविक दिलेल्या काही वुडरॅटना साधे अन्न का दिले असावे?
२. दुसरा प्रयोग केला नसता, तर कोणती शंका उरली असती?