पहिल्या पानाची घाई

पुणे,
रविवार

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री वहिनीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं. समोरच्या इमारतीचं काम, गुडघा, पाण्याची वेळ. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "भावोजी, बाबूने माझी पाटली गहाण ठेवली. कंप्युटरच्या कामाला." मी विचारलं, कुठली पाटली? ती गप्प बसली. म्हणजे तीच. आईची.

त्या पाटलीची हकिकत तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत बसत नाही. आईने मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या तेव्हा ती झाली, एवढंच आठव.

काल सकाळी मी गूगलवर तुझ्या व्यवसायाचं नाव टाकून पाहिलं. चार दिवसांत सदतीस अभिप्राय, सगळे पाच-पाच चांदण्यांचे. नावं कुठली कुठली. नायगावचं एक नाही, वसईचं एक नाही. एकाने लिहिलंय की जेवण चविष्ट होतं आणि खोल्या स्वच्छ होत्या. बाबू, तू रांगोळी काढतोस रे. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. हे अभिप्राय तू विकत घेतलेस का? रागावणार नाही असं लिहिणार होतो, पण मी रागावलो आहे.

वहिनी म्हणते, तुझ्या वेबसाइटचं काम करणाऱ्या त्या मंडळींनी तीस दिवसांत पहिल्या पानावर पहिला नंबर अशी लेखी हमी दिली आहे आणि साठ हजार आगाऊ घेतले आहेत. तू तो कागद वाचलास का? गूगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर उघड लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. पैसे भरून वर येते ती जाहिरात, आणि तिच्यावर ती जाहिरात आहे असं लिहिलेलं असतं. कुणी क्लिक केलं की पैसे कापले जातात, पैसे संपले की जाहिरात उतरते. तो व्यवहार निदान उघड आहे. त्याच्याखालच्या यादीत मात्र पैसे देऊन जागा मिळत नाही. गूगलचीच माणसं सांगतात की चांगलं काम केलं तरी परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं. मग तीस दिवसांत हे लोक काय करणार आहेत? खोटं करणार आहेत. दुसरं काही करता येतच नाही.

मी ऐकीव गोष्टी सांगत नाही. छापखाना सुटल्यावर मी इथे बारा वर्षं वेबसाइटचा मजकूर लिहायचंच काम केलं, तुला माहीत आहे. या खोट्याचा शेवट कसा होतो ते मी पाहिलेलं आहे.

आपल्याकडे लग्नाला आचारी ठरवायचा तर काय करतात? चार घरांत विचारतात. ज्याचं नाव जास्त जण घेतात तो, आणि त्यातही ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे त्याने सांगितलेला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच हिशेब मांडला आणि १९९८ साली त्यातून गूगल उभं राहिलं. एका वेबसाइटने दुसरीची लिंक दिली की ते एक मत. मोठी पत असलेल्या वेबसाइटने दिली तर वजनदार मत. हे कळल्याबरोबर मतं विकणारे निघाले. हजार लिंका इतक्याला, पाच हजार तितक्याला. तुझ्या कागदावर "बॅकलिंक पॅकेज" म्हणून जे लिहिलंय ना, ते हेच. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला आणि अशा विकतच्या लिंकांवर चढलेल्या वेबसाइटी धडाधड खाली आल्या. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानाचं असंच बिंग न्यूयॉर्क टाइम्सने फोडलं होतं. सणासुदीत सगळ्यांच्या वर दिसणारं ते दुकान काही दिवसांत कितीतरी खाली घसरलं. त्यांच्याकडे शेकडो दुकानं होती, ते सावरले. तुझ्याकडे एक खोली आहे आणि एक पाटली होती.

आणि तुझ्या वेबसाइटवरची ती गावांच्या नावांची पानं! वसईत रांगोळी, विरारमध्ये रांगोळी, नालासोपाऱ्यात रांगोळी, भाईंदरमध्ये रांगोळी. मी एकूण बत्तीस मोजली. प्रत्येकात तोच मजकूर, फक्त गावाचं नाव बदललेलं. माणसासाठी एकही पान लिहिलेलं नाही, यंत्राला फसवायला लिहिलंय. असल्याच दारापुरत्या पानांसाठी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट यादीतून काढून टाकली होती. बीएमडब्ल्यूची! तुला काढताना कुणी विचार करील का?

पण माझं मन पुन्हा त्या अभिप्रायांकडेच जातं. लिंका निदान आतल्या आत असतात, गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. अभिप्राय दिसतात. उद्या नायगावची एखादी बाई मुलीच्या हळदीला रांगोळीवाला शोधेल, तुझं नाव बघेल, आणि खाली वाचेल की जेवण चविष्ट होतं. ती काय समजेल? आपल्या देशात ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, ते याच फसवणुकीमुळे. पण मानकाचं राहू दे. आपल्या जूचंद्र गावचा मुलगा आणि खोटी शाबासकी विकत घेतो, हे मला सोसत नाही.

का सोसत नाही, ते आज लिहून टाकतो. तुझ्या बापाला, दादाला, माहीत होतं. त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो. रांगोळीत दादाचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला कळत होतं आणि सहन होत नव्हतं. तो माणसाच्या डोळ्यातलं पाणी चिमटीने दाखवायचा. माझी चिमूट गालापर्यंत बरी चालायची, डोळ्यापाशी अडायची. मला तालुक्याच्या एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. मी दादरला जाऊन शंभर कार्डं छापून आणली आणि त्यावर घातलं "राज्यस्तरीय प्रथम पारितोषिक विजेते". कामं आली, खोटं कशाला बोलू. दोन महिने चांगली आली. मग एका लग्नघरी आमचे चित्रकलेचे गुरुजी पाहुणे म्हणून आले होते. यजमानांनी कौतुकाने माझं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मी गुडघ्यावर बसून नवरीचा चेहरा भरत होतो. ते जवळ आले, कार्ड माझ्या लेक कलरच्या डब्याशेजारी उलटं ठेवलं आणि म्हणाले, "डावा डोळा जरा खाली गेलाय." बस्स. चार लोकांत एक अक्षर बोलले नाहीत.

तो डोळा मला त्या दिवशी दुरुस्त करता आला नाही. त्यानंतर कधी कुणाच्या अंगणात बसलोच नाही. लोकांना वाटतं मी नोकरीसाठी पुण्याला आलो. मी त्या कार्डापासून पळून आलो. दादा तिथेच राहिला, मिळेल त्या पैशांत काम करत राहिला. आज आपलं गाव रांगोळीचं गाव म्हणून लोक ओळखतात ते दादासारख्या माणसांमुळे. दिवाळीत प्रदर्शनाला लोक कुठून कुठून येतात, रांगेत उभे राहून बघतात. ती रांग कुणी विकत आणलेली नाही.

आता बोलणी पुरे. मी तुझी वेबसाइट नीट बघितली आहे, त्याबद्दल लिहितो.

कामाचे फोटो अप्रतिम आहेत. ते आजोबांचं चित्र, हातात विडी धरलेलं, मी पाच मिनिटं बघत बसलो. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या तू पांढऱ्या रांगोळीत लेक कलर किती कमी घालून काढल्या असतील, त्याचा अंदाज मला येतो. हे दादालाही जमलं नसतं. पण ते पान माझ्या फोनवर उघडायला बावीस सेकंद लागली, कारण फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवलेत. लोक इतका वेळ थांबत नाहीत. फोटो लहान कर. प्रत्येकाचं नाव आयएमजी आणि पुढे आकडे, असंच आहे. तिथे लिही की ही कसली रांगोळी, कुठे काढली, किती फुटांची, किती तास लागले. गूगलला चित्रातलं थोडंफार ओळखता येतं, पण शब्द असले की नक्की कळतं. गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. आठ फुटांची रांगोळी माझ्या हॉलमध्ये बसेल का, हा त्याचा पहिला प्रश्न.

आणि सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? पूर्ण वेबसाइटवर जूचंद्र हा शब्द नाही. रांगोळी हा शब्द देवनागरीत एकदाही नाही. "प्रीमियम इव्हेंट सोल्युशन्स" आहे. अरे, असं कोण शोधतं? लोक फोनवर बोलून शोधतात, "वसईत हळदीची रांगोळी कोण काढतं". ते शब्द तुझ्या पानावर असू देत, मराठीत आणि इंग्रजीतही. आपल्या गावाचं नाव लोक इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, त्याही तऱ्हा कुठेतरी येऊ देत. गावाची एक हकिकत लिही: चंडिकामातेचा डोंगर, मिठागरं, रांगोळीला बसायला तुला कुणी शिकवलं. ही हकिकत दुसऱ्या कुणाजवळ नाही, म्हणून ती कुणाला नक्कलही करता येणार नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, त्याला पैसे घेतले असतील तर परत माग. गूगल आसपासचे धंदे दाखवताना तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याला हवं ते तू करतोस का, तू त्याच्यापासून किती लांब आहेस, आणि तुझं नाव किती आहे. म्हणजे बोरिवलीत बसून शोधणाऱ्याला तू पहिला दिसशीलच असं नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नायगाव, वसई, भाईंदर आधी नीट धर. सर्च कन्सोल नावाचं गूगलचं एक साधन आहे, तेही फुकट. कुठले शब्द टाकून लोक तुझ्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. दर रविवारी उघडून बघत जा. गेल्या तीन वर्षांत ज्यांच्याकडे काम केलंस त्यांना एकेक फोन कर आणि सांग, खरं वाटलं ते लिहा. दहा जण लिहितील. एखादा म्हणेल की उशिरा आला होता. तेही राहू दे तिथे. खाली उत्तर दे, की हो, दिवा गाडी चुकली होती, माफ करा.

आणखी एक, हे आजच बघ. डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय? त्या मंडळींच्या नावावर असेल तर तुझ्या दुकानाची पाटी त्यांच्या घरात आहे असं समज. डोमेन, पासवर्ड आणि प्रोफाइलची मालकी लेखी तुझ्याकडे घे, मगच त्यांच्याशी भांड. ते सदतीस अभिप्राय त्यांच्याकडूनच काढून घे. नाही काढले तर तूच गूगलला कळव, की हे माझे नाहीत. बत्तीस पानं पुसून टाक. पॅकेज बंद कर. पैसे बुडाले तर बुडू देत.

मला कळतं तू असं का केलंस. दादा गेल्यापासून घर तुझ्यावर आहे. दिवाळीचे पंधरा दिवस आणि लग्नसराई सोडली की हात रिकामे, आणि स्टिकरच्या रांगोळ्या बाजारात शंभर रुपयांना मिळतात. रात्री अकरा वाजता कुणीतरी गोड बोलून फोन करतो, "सर, तुमचं टॅलेंट लोकांपर्यंत पोचत नाहीये" म्हणतो. खरंच तर बोलत असतो तो, म्हणून आपण फसतो. मीही फसलो असतो. मी तर स्वतःच लोकांना फसवलं होतं, तुझ्या वयात, आणि मला कुणी फोनही केला नव्हता. म्हणून ही चूक तुझी एकट्याची आहे असं मनात आणू नकोस. वहिनी रागावलेली नाही. पाटलीपेक्षा तू रात्री जेवत नाहीस याचीच तिला जास्त काळजी आहे, तेच दोनदा सांगत होती.

त्या विडीवाल्या आजोबांच्या फोटोखाली काही लिहिलेलं नाही. ते आपले भाऊ आजोबा आहेत ना? कान तसेच आहेत. तसं असेल तर त्यांचं नाव लिही.

पाटली सोडवायचे पैसे मी जमवले आहेत. तू काही बोलायचं नाहीस, हे दादाचे आणि माझे जुने हिशेब आहेत. शुक्रवारी सकाळी निघतो, कल्याणहून दिव्याला येऊन वसईची मेमू धरतो. जूचंद्र स्टेशनवर घ्यायला ये. आणि घरी एक कोपरा सारवून ठेव, पांढरी रांगोळी चाळून ठेव. एका नवरीचा डावा डोळा काढायचा राहिलाय, तुझ्या शेजारी बसून काढेन म्हणतो.

तुझा
काका