आई-बाप भांडले तरी बाळाची नोंद थांबवू नका
(फौजी घरांतील सभासदांसाठी)



एरवी या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट असे विषय घेतो. या वेळचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. आम्ही कृषी पदविकेचे माणूस, कोर्टकचेरी हे काही आमचे शिक्षण नव्हे. पण आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही गावात गेले तरी दोन-चार घरांतला मुलगा पलटणीत असतोच. शिवारफेरीला गेलो की उसाची चार वाक्ये होतात आणि पाचवे वाक्य घरचे निघते. गेल्या दोन हंगामांत एकच प्रश्न आम्हांला तीन निरनिराळ्या घरांतून आला. नवरा-बायकोचे पटत नाही, सून माहेरी गेली आहे, आणि त्या ओढाताणीत लहान मुलाचे नाव फौजेच्या दप्तरी लागायचे राहून गेले आहे. आता काय करावे?

पैकी एका घराची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही, ओळखणाऱ्यांनीही मनात ठेवावे.

आपले एक जुने सभासद. मुलगा शिपाई म्हणून भरती झाला, लग्न झाले, पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले. बारसेही तिकडेच उरकले, आणि नाव ठेवण्यावरून ठिणगी पडली. इकडच्यांनी आजोबांच्या वडिलांचे नाव ठरवले होते, तिकडच्यांनी दुसरेच ठेवले. पुढे आणखी काय काय झाले त्यात आम्ही शिरत नाही, पण सून परत आली नाही. जन्माचा दाखला तिच्याकडे. मुलगा म्हणे, "ती दाखला देत नाही, आणि त्या नावानं मी माझ्या रेकॉर्डला पोरगा लावणार नाही."

सभासद आम्हांला लागणीच्या वेळी बांधावर हे बोलले, तेव्हा आम्ही काय सल्ला दिला? "घरचं आधी मिटू द्या, मग नोंदीचं बघा." सल्ला देणे सोपे, पण हा साफ चुकला होता, हे आज कबूल करतो. कारण दीड वर्षाने तो पोरगा रिकाम्या ट्रॉलीवर चढून खेळताना पडला आणि मांडीचे हाड मोडले. नोंद असती तर बापावर अवलंबून असलेले मूल म्हणून लष्करी इस्पितळात उपचार झाले असते. खाजगी दवाखान्याचे बिल आईच्या वडिलांनी भरले. तेही आपलेच सभासद. सोसायटीला भरायचा उसाच्या बिलाचा हप्ता त्यात गेला. मग हे आजोबा गट ऑफिसला आले, "साहेब, पोरगा लावत नाही, निदान माझ्या शेअरला तरी नातवाचं नाव वारस म्हणून लावा." शेअरचा अर्ज आम्ही भरून घेतला, पण मनाला लागले. तेव्हापासून निवृत्त सुभेदारसाहेबांकडे बसलो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोन खेपा घातल्या, एका ओळखीच्या वकिलांना विचारले. जे समजले ते येथे देत आहोत.

आधी आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. दोन भावांत जमिनीचा वाद आहे, ऊस मात्र उभा आहे. चिटबॉय येतो, लागणीची तारीख, जात, क्षेत्र लिहून घेतो. बिल कुणाच्या नावे काढायचे ते पुढे ठरेल, पण नोंदच नसेल तर तोड येत नाही आणि उसाला तुरा येऊन वजन घटते. भावांच्या वादात उसाचा काय दोष? मुलाच्या नोंदीचेही असेच आहे. मूल कुणाजवळ राहणार, नवरा-बायको एकत्र नांदणार की नाही, हा वाद निराळा. मूल कुणाचे, ही नोंद निराळी.

दोन्ही घरांच्या मनात एकेक भीती असते आणि दोन्ही फोल असतात. माहेरच्यांना वाटते की फौजेत नाव लागले म्हणजे बाप पोरगे घेऊन जाणार. तसे नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांच्या आतील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असावा असे म्हटले आहे, आणि ताब्याचा वाद झाला तर निकाल न्यायालय देते, पलटणीचे दप्तर नव्हे. बापाला वाटते की नाव लावले की पगारातून कपात सुरू. तेही तसे नाही. मुलाला पोसण्याची जबाबदारी मूल जन्मल्यापासूनच अंगावर आहे, नाव लावा अगर न लावा. नाव न लावल्याने जबाबदारी टळत नाही, फक्त मुलाच्या सवलती बुडतात.

आता कागदांकडे वळू. सगळ्याचे मूळ जन्माचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, घर कुठले हे पाहत नाहीत. म्हणून माहेरच्या तालुक्यातील दवाखान्यात बाळंतपण झाले तर नोंद तिकडच्या निबंधकाकडे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची. एक वर्ष उलटून गेले की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जाते. बाळाचे नाव मागाहूनही घालता येते. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे नावावर एकमत होत नाही म्हणून जन्माचीच नोंद लांबवायची, हा शहाणपणा नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्या कायद्यातील दुरुस्ती अमलात आली असून त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाला हाच दाखला पुरावा धरला जातो.

आणि एक गोष्ट आम्हांलाही ठाऊक नव्हती. त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही व्यक्ती शुल्क भरून नोंदवहीतील जन्माचा उतारा मागू शकते. बायको दाखला देत नाही म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही. बापाने ज्या गावी जन्म झाला तेथे अर्ज द्यावा, उतारा मिळतो.

दाखला हाती आला की जवानाने आपल्या युनिटमध्ये अर्ज द्यायचा. युनिट त्यावरून "पार्ट टू ऑर्डर" काढते. लग्न, अपत्यजन्म अशा घडामोडी अशाच ऑर्डरने नोंदतात. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असाल तर बेळगावला. तिथे तपासून नोंद पक्की होते. यात सर्वांत जास्त घोळ स्पेलिंगचा होतो. दाखल्यात एक, आधारवर दुसरे, लग्नाच्या कागदावर आईचे नाव माहेरचे, आणि कागद परत येतो. सुट्टीवर असतानाच तीनही कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. पलटणीत परत गेल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे पुढच्या सुट्टीची वाट.

बापच नाव लावायला तयार नसेल तर? येथे बायकांना वाटते की आपले काही चालत नाही. ऑर्डर ती स्वतः काढून घेऊ शकत नाही हे खरे. पण तिने लग्नाचा पुरावा, जन्माचा दाखला आणि साध्या मराठीत किंवा हिंदीत लिहिलेला अर्ज पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरांकडे स्पीड पोस्टाने पाठवावा, प्रत रेकॉर्ड ऑफिसला द्यावी. जवानाचा नंबर, हुद्दा, पलटण अचूक लिहावी. अर्जात शिवीगाळ, घरची जुनी उणीदुणी नकोत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर आणखी चांगले, पत्ताही बरोबर पडतो आणि पाठपुरावाही होतो. युनिट जवानाला विचारते. साहेबांसमोर उभे राहून "माझे मूल नाही" म्हणणे आणि घरी फोनवर म्हणणे यात फरक आहे, असे सुभेदारसाहेब म्हणाले. त्यांनी असे बरेच प्रसंग पाहिलेले आहेत.

खर्चाचा प्रश्न त्याहून वेगळा. सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ९१ प्रमाणे जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीसाठी रक्कम कापण्याचा आदेश लष्कराचे वरिष्ठ अधिकारी देऊ शकतात. अधिकाऱ्यांसाठी तसेच कलम ९० आहे. त्यात औरस आणि अनौरस दोन्ही मुले धरली आहेत, हे मुद्दाम सांगतो. शिवाय दिवाणी पोटगीचा मार्ग खुला आहेच. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १२५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. बाईने ती राहते तिथल्याच न्यायालयात अर्ज करायचा, नवऱ्याच्या पोस्टिंगच्या गावी जावे लागत नाही.

क्वचित प्रकरण त्याही पलीकडे जाते आणि नवरा मुलाविषयीच संशय घेतो. हा विषय पारावर बोलण्याचा नव्हे. कायद्याचे म्हणणे असे की लग्न कायम असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ११६. ते खोडायचे तर त्या काळात दोघांची भेट होणेच शक्य नव्हते असे सिद्ध करावे लागते. फौजीच्या बाबतीत सुट्टीच्या तारखा दप्तरी असतात, त्या बोलतात. उठसूट डी.एन.ए. तपासणीचा आदेश न्यायालये देत नाहीत. मुलाच्या हिताचा विचार आधी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. ज्याला खरोखर शंका आहे त्याने वकील गाठावा, पण नुसत्या रागाच्या भरात हा शब्द तोंडातून काढू नये. पोरगे मोठे झाल्यावर तो शब्द त्याच्या कानावर कोणीतरी घालतेच. लग्नच कायद्याने बाद ठरले तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मूल आई-बापांचे औरसच मानतात.

नोंद राहिल्याने काय काय बुडते? दवाखान्याचे वर आलेच. दोन मुलांपर्यंतचा शैक्षणिक भत्ता. सैनिकी शाळांत सैनिकांच्या मुलांसाठी ज्या राखीव जागा असतात, तिथे लागणारा दाखला. बाप निवृत्त झाल्यावर ई.सी.एच.एस.चे कार्ड, ही योजना २००३ पासून आहे. येथे लक्षात घ्या, घटस्फोट झाला तर बायकोचे कार्ड जाते, मुलाचे जात नाही, ते बापाचेच राहते. आणि सर्वांत जड गोष्ट, जी आम्हांला लिहायलाही बरी वाटत नाही. जवानाचे काही बरेवाईट झाले आणि रेकॉर्डला मूलच नाही, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्या आईला आणि आजोबांना कागद घेऊन किती दारे झिजवावी लागतील याचा हिशेब करा. ज्याने सही करायची तोच नसतो. ज्याला हा कंटाळा आला आहे त्याने सुट्टीतली एक सकाळ घालवलेली परवडेल.

त्या सभासदांचा मुलगा पुढच्या सुट्टीला आला तेव्हा आम्ही आणि सुभेदारसाहेब त्यांच्या सोप्यात बसलो. उतारा तो स्वतःच जाऊन घेऊन आला होता. बाळाचे नाव तिकडचे वाचून त्याचे डोके फिरले, कागद खाटेवर टाकला. सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "बाळा, खालची ओळ वाच. बापाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे?" तिकडच्या लोकांनी भांडणाच्या दिवसांतही त्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव, सगळे बिनचूक लिहिले होते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने कागद उचलून घडी केली आणि आईने दिलेल्या पिशवीत ठेवला. जाताना अर्जाचा मसुदा आमच्याकडून मागून घेतला.

ऑर्डर निघायला काही महिने गेले, एकदा स्पेलिंगवरून परत आली. शेवटी लागली. नवरा-बायकोचे प्रकरण अजून न्यायालयात चालू आहे, ते काय व्हायचे ते होईल. कार्ड मात्र निघाले आणि पोराच्या पायाची नंतरची तपासणी लष्करी इस्पितळात झाली. आजोबा त्याला घरी आपण ठरवलेल्या नावानेच हाक मारतात. पोरगा दोन्ही नावांना ओ देतो.

युनिटला द्यायच्या अर्जाचा आणि निबंधकाकडून उतारा मागण्याच्या अर्जाचा मराठी नमुना आम्ही गट ऑफिसला ठेवला आहे. जवान सुट्टीवर येणार असेल तर येण्यापूर्वीच घरच्यांनी तो घेऊन जावा. जन्मगाव, जन्मतारीख आणि दवाखान्याचे नाव लिहून आणावे. सून माहेरी असेल आणि अर्ज तिला करायचा असेल तर तिने किंवा तिच्या वडिलांनी यावे, त्यांनाही नमुना मिळेल. कोणत्या बाजूचे आहात हे आमचा कारकून विचारणार नाही.