शहरी ओढ्यांचे पुनरुज्जीवन

शहरातील ओढा बिघडला की त्याची झळ खालच्या शेतकऱ्यालाही बसते. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठेला मिळतो. तेच पाणी पुढे मुळा-मुठेतून भीमेत व उजनी जलाशयात जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला महापूर येऊन जीवितहानी झाली.

ओढा सुधारताना पुढील क्रम ठेवावा.

१) सांडपाणी : ते प्रथम अडवून शुद्ध करावे. त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो.

२) पात्र : तळ व काठ सिमेंटने बांधू नयेत. पाणी मुरत नाही आणि पुराचा वेग वाढतो.

३) काठ : पाण्यालगत वाळा व लव्हाळा, वरच्या अंगास करंज, उंबर, वाळुंज लावावेत. मुळ्या माती धरतात, सावलीने पाणी थंड राहते.

४) जलपर्णी : फुलोऱ्यापूर्वी काढावी. मात्र नत्र व स्फुरद येत राहिल्यास ती पुन्हा वाढते. कारखान्याचे पाणी मिसळत असल्यास तिचे कंपोस्ट शेतात वापरू नये. तीत जड धातू साठतात.

शेतकरी बंधूंनी काठालगत गवताचा पट्टा न नांगरता राखावा, म्हणजे खत व माती ओढ्यात जाणार नाही. काठच्या विहिरीचे पाणी दरवर्षी तपासून घ्यावे. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना ओढ्याचे अशुद्ध पाणी देऊ नये.