पाहुण्यांना जयपूर दाखवताना

दुर्गापुरा म्हणजे जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडवरची वस्ती. मुंबईची गाडी जयपूर जंक्शनच्या आधी इथे थांबते, त्यामुळे आमच्याकडे येणारे नातेवाईक इथेच उतरतात. चहापोहे होतात न होतात तोच सुरू: आमेर कधी, हवामहल कधी, रजया कुठे चांगल्या मिळतात? शहर दाखवण्याचं काम माझ्याकडे. गाइडकडून ऐकलेलं पुस्तकांत शोधायचं, आणि पुस्तकात सापडलेलं जागेवर जाऊन पाहायचं, असा नाद त्यातून लागला. इतिहासातल्या आडबाजूच्या गोष्टी सांगता सांगता जे उमगलं, ते इथे मांडते.

१. गोष्ट रंगात आली की नकाशा काढावा.

जयगडावर जयबाण नावाची प्रचंड तोफ आहे. ती चाचणीसाठी एकदाच डागली, गोळा ३५ किलोमीटरवर चाकसूला पडला आणि तिथे तळं झालं, असं सगळेच गाइड सांगतात. चाकसू आमच्याच टोंक रोडवर, दुर्गापुऱ्याच्या पुढे. नकाशावर जयगड ते चाकसू सरळ रेघ ओढली, तर अंतर ४० किलोमीटरच्या वर भरतं. म्हणजे गोष्टीतला पल्ला खरा धरला तरी गोळा चाकसूच्या अलीकडेच पडायला हवा. शिवाय त्या काळच्या तोफा दोन-चार किलोमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या असत.

मग पाहण्यासारखं काय उरतं? पुष्कळ. ही सुमारे ५० टनांची तोफ १७२०मध्ये गडावरच ओतली गेली. बैलांच्या ताकदीवर तोफेची नळी आतून कोरायची यंत्रणा तिथे आजही दाखवतात. इतकं करून ती एकाही लढाईत वापरली गेली नाही. तळ्याची कथा बाजूला ठेवली की पाहुणे तो कारखाना नीट पाहतात.

२. तारखा एकाखाली एक लिहाव्यात.

त्रिपोलिया बाजारातून एक उंच, सात मजली मनोरा दिसतो. नाव ईसरलाट, लोकांच्या तोंडी सरगासूली. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाचा मुलगा ईश्वरीसिंह याने तो १७४९मध्ये उभारला. कुणी सांगतं, मंत्र्याची मुलगी दिसावी म्हणून. कुणी सांगतं, विजयाची खूण म्हणून. मी कागदावर तीन ओळी लिहिते. १७४७, राजमहलची लढाई: सावत्रभाऊ माधोसिंह आणि त्याचे साथीदार यांच्यावर ईश्वरीसिंहाचा विजय. १७४८, बगरूची लढाई: मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले आणि ईश्वरीसिंहाला मान तुकवावी लागली. १७४९, विजयाचा मनोरा.

विजयस्तंभ पराभवानंतर उभा राहिला! या तीन ओळी वाचल्यावर प्रेमकथेची आठवणही कुणाला राहत नाही. बगरू म्हणजे ठशांच्या छपाईच्या कापडासाठी आपण जातो तेच गाव. पाहुण्यांपैकी बायका तिथे हमखास जातात, पण तिथल्या लढाईबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

३. आपण ज्या गोष्टीत खलनायक आहोत, तीही सांगावी.

हे मला सगळ्यांत अवघड गेलं. थकलेल्या खंडणीसाठी मल्हारराव जयपूरच्या जवळ आले, तेव्हा डिसेंबर १७५०मध्ये ईश्वरीसिंहाने विष घेतलं आणि नागाचा दंश करवून घेतला. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत, ईश्वरीसिंहाची मात्र राजवाड्याच्या परिसरात, तालकटोऱ्याजवळ आहे. माधोसिंह गादीवर आला. जयाप्पा शिंदे यांची फौजही येऊन पोचली आणि पैशांच्या मागण्या वाढल्या.

१० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतली बरीच माणसं शहरात गेली होती. लढायला नव्हे, तर नवं शहर पाहायला, देवदर्शनाला आणि खरेदीला. जयपूर वसून तेव्हा पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती आणि त्याच्या सरळ रस्त्यांचं कौतुक सगळीकडे होतं. त्या दुपारी शहरवासी त्यांच्यावर तुटून पडले आणि कत्तल मध्यरात्रीपर्यंत चालली. हजारो माणसं त्यात सापडली.

आपल्याकडे पानिपत मुलांनासुद्धा माहीत असतं. त्याच्या दहा वर्षं आधीचा हा दिवस मोठ्यांनाही माहीत नसतो. मी हे सांगते तेव्हा एखादे काका अस्वस्थ होतात, ‘पण त्यांनी तरी…’ म्हणून सुरू करतात. करू द्यावं. विषाचा पेला आणि रस्त्यावरची कत्तल या दोन्ही गोष्टी महिन्याभराच्या अंतराने घडलेल्या आहेत. त्यातली एकच सांगितली, तर तेवढंच सांगणारा कुठल्या गावचा आहे हे लगेच कळतं.

४. आपलं माणूस परक्याच्या दप्तरात शोधावं.

शिवाजीमहाराज १६६६मध्ये आग्र्याला गेले, तेव्हा तिथे त्यांची जबाबदारी आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्यावर होती. आमेरच्या दरबाराची माणसं आग्र्याहून घरी पत्रं लिहीत होती, तीही राजस्थानी बोलीत. जयपूरच्या दप्तरात ही पत्रं टिकली, जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासली, आणि १९६३मध्ये सरकार आणि इतिहासकार रघुवीरसिंह यांच्या नावाने त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या पत्रांत महाराज डोळ्यांसमोर उभे राहतात. बांधा लहानसा, वर्ण गोरा, पण हा राजा आहे हे ओळख करून न देताही कळतं, असं लिहिणारा सांगतो. बरोबर माणसं किती, त्यांतले स्वतःच्या घोड्यांवरचे किती, पालखीपुढे कोण चालतं, निशाणाचा रंग भगवा-शेंदरी आणि त्यावर सोनेरी ठसे, असं सगळं त्यात येतं. ही माणसं महाराजांची स्तुती करायला बसली नव्हती. धन्याला बातमी हवी होती म्हणून लिहीत होती, आणि म्हणूनच त्यांच्या कौतुकाला वजन आहे. आमेरचा महाल पाहताना मी पाहुण्यांना हे आवर्जून सांगते. पुरंदरच्या तहात २३ किल्ले घेणाऱ्या घराण्याच्या कागदांनीच आग्र्यातले ते दिवस आपल्यासाठी जपले.

५. दोन लढायांच्या मधली वर्षं चाळावीत.

मराठे आणि जयपूर म्हटलं की तलवारी आठवतात. पण १७३५मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा त्या जयपूरला थांबल्या आणि सवाई जयसिंहाने त्यांचा मोठा मानसन्मान केला. पुढच्याच वर्षी तो आणि बाजीराव प्रत्यक्ष भेटले.

त्याच्याही आधी या राजाचे गुरू रत्नाकरभट्ट पुंडरीक हे महाराष्ट्रीय होते. ब्रह्मपुरीत पुंडरीकांची चित्रांनी भरलेली हवेली आहे. जयसिंहाच्याच दरबारात जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. तो ‘रेखागणित’ ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापला गेला, तो मुंबईत. जंतरमंतरच्या उन्हात मुलं कंटाळली की मी हे सांगते. शाळेतली भूमिती पूर्वीच एकदा इकडून तिकडे गेली होती, म्हटल्यावर निदान एक तरी मान वर होते.

६. माणूस गेला त्या वाटेने जावं.

आमच्या दारावरून जाणारा रस्ता टोंकला जातो आणि त्याच्या पुढे उणियारा लागतं. जुन्या जयपूर संस्थानातलं हे ठिकाण. १८५५मध्ये तिथे गायक अल्लादियाखाँ जन्मले. १८९५मध्ये शाहूमहाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापूरला आले आणि नंतर मुंबईत राहिले. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी खऱ्या अर्थाने फुलली ती आपल्याकडे: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, पुढे किशोरी आमोणकर. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या अवकाशात गेल्या, त्यांत भारताकडून केसरबाईंची भैरवी आहे.

कोल्हापूरचे पाहुणे आले की मी त्यांना राजवाड्याआधी या रस्त्याकडे बोट दाखवते. पुतळा कोल्हापुरात, रेकॉर्डी मुंबईत, आवाज आंतरतारकीय अवकाशात, आणि सुरुवात आमच्या बसच्या मार्गावर.

७. घराजवळचंही तपासावं.

दुर्गापुऱ्यात काय आहे, असं विचारलं की पूर्वी मी स्टेशन आणि देवीचं मंदिर सांगत असे. आता टरबूज सांगते. इथल्या कृषी संशोधन केंद्राने ‘दुर्गापुरा मीठा’ आणि ‘दुर्गापुरा केसर’ हे वाण तयार केले. केसरचा गर लाल नसून पिवळा असतो. राजेरजवाड्यांना कंटाळलेल्या पाहुण्यांना हा इतिहास सगळ्यांत पटकन पटतो.

८. लिहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवून सांगावं.

शेवटी सगळे जयगडच्या खजिन्यावर येतात. आणीबाणीत, १९७६मध्ये, सरकारने गडावर सैन्याच्या मदतीने खजिन्याचा शोध घेतला, हे खरं. पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून त्यात वाटा मागितला, हेही खरं. खजिना मिळाला नाही, असं उत्तर इंदिराबाईंनी वर्षअखेरीस दिलं. दिल्लीचा रस्ता बंद ठेवून ट्रक भरभरून सोनं नेलं, ही मात्र ऐकीव गोष्ट.

ट्रकांची गोष्ट मी गाळत नाही. गाळली तर टॅक्सीवाला सांगणारच आहे, आणि माझ्यापेक्षा रंगवून. मी फक्त क्रम पाळते: आधी पत्रव्यवहार, मग ट्रक. शेजारच्या देशाचा पंतप्रधान न सापडलेल्या सोन्याचा हिस्सा मागतो, हे ऐकून पाहुणे इतके हसतात, की ट्रक किती होते हे विचारायचं त्यांच्या लक्षातच राहत नाही.