कच्चे काळीज कुत्र्यालाही नको

मटणाच्या दुकानामागे कुत्री घुटमळताना आपल्याकडे कुठल्याही गावात दिसतात. खाटीक बकरे सोलतो, कोथळा काढतो, विकण्याजोगे वेगळे ठेवतो आणि आतड्यांलगतच्या गाठी, फुफ्फुसाचे तुकडे, काळजाचा खराब दिसणारा भाग कुत्र्यांपुढे टाकतो. मुक्या जिवाचे पोट भरते आणि घाणही उरत नाही, एवढाच त्यामागे विचार असतो. पण जनावरांचे काही आजार याच वाटेने माणसाच्या घरात येतात. त्यातल्या एका परजीवीचे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही, म्हणून आज त्याबद्दल लिहायचे आहे.

त्याला टंग वर्म म्हणतात. शास्त्रीय नाव लिंग्वाट्युला सेराटा. आकाराने जिभेसारखा चपटा आणि निमुळता. मादी ८ ते १३ सेंटिमीटर लांब असते, नर जेमतेम २ सेंटिमीटर. दिसायला जंत असला तरी तो जंतांच्या कुळातला नव्हे. त्याचे नाते खेकडे-कोळंबीच्या कुळाशी आहे. ही गोष्ट कुत्रा पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी, कारण नेहमीची जंताची गोळी दिली म्हणजे हाही गेला, असे धरून चालत नाही.

पूर्ण वाढलेला कृमी कुत्र्याच्या नाकाच्या आत, खोलवर, तोंडाजवळच्या चार आकड्यांनी चिकटून राहतो. कोल्ह्या-लांडग्यांच्या नाकातही तो सापडतो. मादी लाखो अंडी घालते. ती शिंकेबरोबर बाहेर उडतात, किंवा कुत्र्याने शेंबूड गिळला की विष्ठेतून पडतात. ओलसर गवतावर ती बराच काळ टिकतात. शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस ते गवत खाते, आतड्यात अंडी फुटतात आणि अळ्या आतड्याची भिंत भेदून लसिका ग्रंथींत, काळजात, फुफ्फुसात जाऊन बसतात. काही महिन्यांत त्यांची अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासची पिल्ले होतात आणि तिथेच दबा धरून राहतात. जनावर वरून धडधाकट दिसते. ते कापले गेले आणि कोथळा कच्चाच कुत्र्यापुढे पडला, की पिल्ले कुत्र्याच्या नाकात चढतात आणि साधारण सहा महिन्यांनी नवी अंडी सुरू होतात. हे चक्र जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी १८६०च्या सुमारास उलगडले. भारतातही कुत्र्यांत आणि गुराढोरांत या कृमीची नोंद पशुवैद्यकांनी केलेली आहे.

माणसाला तो दोन वेगळ्या वाटांनी गाठतो, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. पहिली वाट अंड्यांची. कुत्र्याचे नाक-तोंड हाताळून तसेच जेवायला बसले, किंवा न धुतलेली कोथिंबीर, मुळा, पालेभाजी कच्ची खाल्ली, तर अंडी पोटात जाऊ शकतात. अळ्या काळजात किंवा फुफ्फुसात जाऊन बसतात, बहुधा काहीच त्रास न देता मरतात आणि त्यांच्या कठीण गाठी उरतात. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या तपासणीत त्या दिसतात आणि कर्करोग पसरला की काय, अशी शंका येते. क्वचित अळी डोळ्यात शिरते. तेव्हा मात्र दृष्टीला धोका असतो.

दुसरी वाट कच्च्या मांसाची. लेबनॉनमध्ये शेळी-मेंढीचे काळीज कच्चे खाण्याची चाल आहे. सुदानमध्ये वजडी, काळीज, फुफ्फुस असे कच्चेच कापून, कांदा, लिंबू, मिरची घालून ‘मरारा’ करतात आणि सणावारी आवडीने खातात. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत घशात टोचू लागते, खोकला व शिंकांचा मारा सुरू होतो, आवाज बसतो, घास उतरत नाही, नाक वाहते, कान दुखतात, कधी चेहरा सुजतो. लेबनॉनमध्ये या आजाराला ‘हलझून’ म्हणतात. कित्येक वर्षे त्याचा दोष यकृतातल्या चपट्या कृमीला दिला जात होता. १९६९ साली तिथल्या दोन रुग्णांकडून टंग वर्मची पिल्लेच मिळाली आणि खरे कारण कळले. त्रास सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. तरीही घशाला सूज येऊन श्वास अडू लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा. कान-नाक-घसा तज्ज्ञ पिल्ले चिमट्याने काढतात आणि सूज उतरवायला औषध देतात. हमखास गुण देणारे वेगळे औषध या आजारावर नाही.

आपण काळीज, वजडी, मुंडी शिजवून खातो, ही आपली मोठी सुरक्षा आहे. तिला धक्का लावू नका. आखाती देशांत लेबनॉन-सुदानच्या लोकांबरोबर नोकरीला असलेल्या वाचकांना विशेष सांगतो: पाहुणचारात कच्चे काळीज पुढे आले तर नम्रपणे नाही म्हणा. लिंबू-मिरचीने ही पिल्ले मरतील असे समजू नका, आणि साध्या फ्रिजच्या गारव्याचाही भरवसा धरू नका. काळीज आतपर्यंत शिजलेच पाहिजे. घरी काळीज किंवा वजडी साफ करताना नाका-डोळ्यांना हात लावू नका. काम संपल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा.

कुत्रा वारंवार शिंकत असेल, नाक पंजाने घासत असेल, एका नाकपुडीतून चिकट किंवा रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर पशुवैद्यकांकडे न्या. नाकातला स्राव आणि विष्ठा तपासून अंडी शोधता येतात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन मात्र कुणाच्या सांगण्यावरून स्वतः देऊ नका. कोलीसारख्या काही जातींत ते जिवावर बेतते. आणि कृपा करून या लेखाचा आधार घेऊन कुत्र्याला कुणी घराबाहेर काढू नये. त्याला हा कृमी आपणच टाकलेल्या घासातून मिळालेला असतो.

याच घासातून हायडॅटिडचा फीतकृमीही कुत्र्यात जातो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की काळजात-फुफ्फुसात पाण्याच्या गाठी वाढतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. आपल्याकडे टंग वर्मपेक्षा हा आजार कितीतरी जास्त आढळतो. कुत्र्याच्या पोटातल्या त्या कृमीवर प्राझिक्वांटेल चांगले लागू पडते. डोस आणि वेळापत्रक पशुवैद्यकांकडून घ्या.

खाटीक बंधूंना, मेंढपाळांना आणि जत्रेत किंवा बकरी ईदला घरी जनावर कापणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोथळ्याचा टाकाऊ भाग खोल खड्ड्यात पुरा, वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. कळपात मेलेली मेंढी राखणीच्या कुत्र्यांपुढे टाकू नका. कुत्र्याला मांस द्यायचेच असेल तर उकळून, आतपर्यंत शिजवून द्या.