अवचित अंधार आणि मधमाशी

खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भर दिवसा अंधार पडतो. पक्षी घरट्यांकडे वळतात, गुरे गोठ्याची वाट धरतात, अशी वर्णने फार पूर्वीपासून ऐकिवात आहेत. मात्र फुलांवर वावरणाऱ्या मधमाश्या त्या क्षणी काय करतात, याची पद्धतशीर नोंद फारशी झालेली नव्हती. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अनेक पिकांचे परागीभवन ज्या कीटकांवर अवलंबून आहे, त्यांची दिनचर्या कशाने नियंत्रित होते, हे त्यातून कळते.

शाळकरी मुलांचे साहाय्य

अमेरिकेत २१ ऑगस्ट २०१७ रोजी झालेल्या ग्रहणाच्या वेळी मिसुरी विद्यापीठाच्या संशोधक कँडेस गेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद घेतली. ओरेगॉन, आयडाहो व मिसुरी या राज्यांत १६ ठिकाणी फुलांजवळ लहान ध्वनिग्राहक टांगण्यात आले. या कामात चारशेहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्यांत प्राथमिक शाळांतील मुलेही होती.

सूर्य हळूहळू झाकला जात असताना गुंजारव चालूच राहिला. खग्रास स्थिती येताच मात्र तो थांबला. त्या मिनिटांत सर्व ठिकाणी मिळून केवळ एकदाच गुंजारव नोंदला गेला. खग्रास स्थितीच्या थोडे आधी व नंतर प्रत्येक उड्डाण अधिक वेळ चालल्याचे आढळले. मंद प्रकाशात, तिन्हीसांजेप्रमाणे, माश्या सावकाश उडत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

प्रकाश हाच वाटाड्या

मधमाशी डोळ्यांच्या आधारे दिशा राखते आणि सूर्याच्या स्थानावरून पोळ्याची वाट ओळखते. प्रकाशच नाहीसा झाला की उड्डाण अशक्य होते. अर्थात सर्व जातींची मर्यादा सारखी नाही. आग्या मधमाशी चांदण्या रात्रीही उडते. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकर अभयारण्यात अभ्यासलेली भुंग्याची एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही फुलांवर जाते. तिचे डोळे त्यासाठी विशेष मोठे असतात.

गावासाठी बोध

बहुतेक मधमाश्यांचे काम उजेडाबरोबर संपते, ही गोष्ट शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सकाळी फुलोऱ्यावर मारलेले कीटकनाशक माशीच्या थेट अंगावर पडते. म्हणून पीक फुलोऱ्यात असताना फवारणी शक्यतो टाळावी. ती अपरिहार्यच असेल तर माश्या पोळ्यात परतल्यानंतर, सायंकाळी उशिरा करावी. औषधाचा अंश फुलांवर राहत असल्याने हा उपाय पूर्ण सुरक्षित नव्हे. पण हानी त्याने निश्चित कमी होते. ग्रामपंचायतीने फवारणीची पूर्वसूचना मधपाळांना देण्याची प्रथा पाडल्यास त्यांना पेट्या वेळेवर हलविता येतील.

शिक्षकांना ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारातील फुलझाडापाशी सूर्यास्ताच्या सुमारास दर पाच मिनिटांनी माश्या मोजल्या, तरी हा नियम विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.